धनुष्य की रायफल: स्कॉटलंडच्या डोंगरात मिटलेलं भांडण

आमच्या घरात दर रविवारी एक भांडण व्हायचं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून मी व्हिडिओ फोन लावायची, तिकडे कराडहून माझे सासरे यायचे आणि साउथहॅम्प्टनच्या युनिव्हर्सिटीतून माझी मुलगी सई, केस न विंचरता, पांघरुणातूनच. मी कोथिंबीर निवडत बसायची आणि या दोघांची जुंपायची. विषय वर्षानुवर्षं एकच: धनुष्य खरं की रायफल खरी.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, हायस्कुलात पी.टी.चे सर होते आणि पोरांना एअर रायफल शिकवायचे. सई इथेच जन्मली. सेकंडरी स्कूलमध्ये असताना तिला आर्चरीचं वेड लागलं ते लागलंच. त्याआधी आजोबा-नातीचं संभाषण म्हणजे "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का?" "हो." आणि मग फोन माझ्याकडे. तिचं मराठी अडखळतं, त्यांचं इंग्रजी शाळेच्या नोटिशीतलं. पण एकदा ती म्हणाली, "आजोबा, रायफल म्हणजे चीटिंग आहे, एक बोट हलवायचा बस," आणि अप्पा खुर्चीत ताठ झाले. "अगं पोरी, ते एक बोट स्थिर ठेवायला अर्धा जन्म जातो!" त्या दिवसापासून दोघांना भाषा सापडली. हातवारे काय, कागदावर आकृत्या काय, एकदा तर अप्पांनी लाटणं घेऊन श्वास कधी सोडायचा ते दाखवलं. सासूबाई गेल्या त्या वर्षी तर मला वाटतं त्या भांडणानेच अप्पांना उभं ठेवलं.

तर ही सहल त्या भांडणातून निघाली. शिकारीचं वर्णन आहे, हे आधीच सांगते. ज्यांना ते वाचायला जमणार नाही त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं, माझा राग नाही. आणि ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी उपयोगाचं सगळं लिहिणार आहे, फक्त 'जाऊन या' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अप्पा या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. आयुष्यभर त्यांनी नेम धरला तो कागदावरच. लहानपणी चुलत्यांच्या तोंडून रानडुकरांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकल्या, आणि यांचा हात बसेपर्यंत देशात शिकारच बंद झाली. "एकदा, एकदाच बघायचं होतं," असं ते म्हणायचे, आणि पुढचं वाक्य गिळायचे. सईने ते वाक्य बरोबर ओळखलं. तिने शोधून काढलं की स्कॉटलंडमध्ये काही इस्टेटींवर जुन्या जातीचे रानटी मेंढे मोकाट फिरतात, आणि कळप फार वाढू नये म्हणून दर वर्षी थोडे कमी केले जातात. गाईड बरोबर घेऊन त्यातला एक मारता येतो.

मग प्रश्न आला तोच, धनुष्य की रायफल. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: या देशात धनुष्यबाणाने जनावराची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडच्यासारखं 'जाऊन बघू, बोलून घेऊ' इथे चालत नाही. माझ्या नवऱ्याने, गिरीशने, तरी एकदा विचारून पाहिलंच, "अगं पण प्रायव्हेट जमीन आहे ना?" सईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा घेऊन बाहेर गेला. धनुष्यच हवं असेल तर युरोपात जावं लागणार. म्हणजे अप्पांचा वेगळा व्हिसा, त्यांचे गुडघे, म्हाताऱ्या माणसाचा इन्शुरन्स, सगळी तंगडतोड. सई दोन दिवस फुगून बसली. मग स्वतःच माझ्याकडे आली.

"आई, रायफल चालेल. आजोबांचा ड्रीम आहे. पण मी नुसती बघायला येणार. मी मारणार नाही, ओके? मला नाही मारायचं."

"बरं बाई, तू मारू नकोस," मी म्हणाले.

"आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनी माझा बो ओढायचा. फेअर इज फेअर."

त्या इस्टेटीपासून अर्ध्या तासावर एका जंगलात फोमची जनावरं उभी करून आर्चरी करण्याची जागा होती. ठरलं. पहिल्या दिवशी प्रवास, दुसऱ्या दिवशी अप्पांची रायफल, तिसऱ्या दिवशी सईचं धनुष्य, आणि मग मी निकाल द्यायचा. अप्पांनी तर मला आत्ताच फितवायला सुरुवात केली, माझ्या हातच्या आमटीची एकाएकी स्तुती होऊ लागली.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. गिरीशला सुट्टी मिळाली नाही, म्हणून गाडी मीच चालवली. कॉव्हेंट्रीहून एम सिक्स धरायचा आणि उत्तरेला जात राहायचं, रस्ता सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे. लँकेशायर ओलांडेपर्यंत लॉऱ्याच लॉऱ्या. वाटेतल्या सर्व्हिसेसच्या थांब्यांवरचा चहा महाग आणि पांचट, तेव्हा थर्मास घरूनच भरून न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांद्याची पीठपेरणी नेली होती. अप्पांनी कार पार्कातच झाकण उघडलं आणि शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून वास कसला म्हणून विचारलं. अप्पांनी त्यांना दशमी दिली. त्या बाईंनी खाल्ली, बरं का, आणि चटणीने ठसका लागून पाणी मागितलं.

मागच्या सीटवर दोघांचं चालूच होतं. अप्पा आता सईची मापं काढत होते.

"धनुष्यासाठी वीस मीटरवर जायचं म्हणतेस. मेंढा काय तुझी वाट बघत बसणार आहे? वास लागला की पळाला."

"पळू दे ना! दॅट इज द पॉइंट. त्याला पण चान्स पाहिजे."

"चान्स द्यायला तू काय लॉटरी काढलीयस?"

"आजोबा, तुम्ही घाबरता जवळ जायला!"

"मी? घाबरतो? मधुरा, गाडी थांबव, मी इथंच उतरतो."

मी आरशातून पाहिलं तर दोघं हसून लाल झालेले. कंब्रियातले डोंगर खिडकीतून जात होते आणि दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. माझा जीव सुपाएवढा झाला होता. वाटलं, पैसे वसूल झाले. खरं तर तिथूनच वळून घरी यायला हवं होतं.

ग्लासगोनंतर रस्ता बदलतो. पुढे तर एकाच गाडीपुरता रस्ता, समोरून कुणी आलं की कडेच्या फुगवट्यात गाडी घालायची आणि हात वर करून आभार मानायचे. पेट्रोल शेवटच्या मोठ्या गावात भरून घ्या, पुढे पंप आहेत पण त्यांची मर्जी. फोनला रेंज नाही. संध्याकाळी इस्टेटीच्या छोट्या कॉटेजवर पोचलो. खर्चाचं विचाराल तर गाईड, रायफल, राहणं सगळं मिळून एका माणसाच्या सुट्टीतल्या भारतवारीच्या तिकिटाएवढं पडलं. रायफल त्यांचीच वापरायची, गाईड सतत शेजारी असतो. फक्त आपण नेम धरू शकतो हे आधी पुठ्ठ्यावर मारून दाखवावं लागतं.

आमचा गाईड गॉर्डन साठीचा, गोल चेहऱ्याचा आणि भयंकर बडबड्या. स्कॉटलंडचे गाईड मुके असतात असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. सकाळी आला तो थेट आमच्या स्वयंपाकघरात, पोह्यांची बशी हातात घेऊन त्याने आम्हाला त्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलाचं लग्न आणि ग्लासगोतल्या तीन करी हाउसांची तुलना ऐकवली. मग आमच्या कपड्यांकडे पाहिलं. माझं लाल जॅकेट नामंजूर. जीन्स नामंजूर. जीन्स भिजली की दिवसभर ओलीच राहते, तेव्हा वॉटरप्रूफ पँट न्याच. त्याने मला त्याच्या बायकोचा शेवाळी रंगाचा कोट दिला, त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

पुठ्ठ्यावर नेम धरायचा होता तो कॉटेजमागच्या मातीच्या बांधाकडे तोंड करून. अप्पा आडवे झाले, रायफलचा दस्ता खांद्याला लावला, आणि अक्षरशः वीस वर्षांनी लहान झाले. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले. भोक मधोमध. गॉर्डनने भुवया वर केल्या. दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी.

मग तो सईला म्हणाला, "यू हॅव अ गो, लास. नुसतं पुठ्ठ्यावर."

पुठ्ठ्यावर मारायला सईची ना नव्हती. ती आडवी झाली आणि तिने काय केलं असेल? अप्पांच्या दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडलं. धनुष्याने घडवलेला हात तो, हलतोय कशाला. गॉर्डन शीळ घालून म्हणाला की ही तर तुमच्यापेक्षा बरी आहे. मी भाषांतर केलं. अप्पांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी गिरीशच्या पदवीच्या फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही.

"बघ," ते सईला म्हणाले, "शेवटी आलीस ना माझ्या पार्टीत!"

"नो वे. पुठ्ठा पळत नाही."

डोंगर चढायला लागलो. दिसायला हिरवळ, पाय टाकला की खाली चिखलाचं रबरबीत भरीत. अप्पा काठी टेकत चालत होते, दर थोड्या वेळाने गॉर्डन 'पक्षी दाखवायला' थांबायचा, म्हणजे अप्पांना दम खाता यावा. वारा तोंडावर येत होता, तो तसाच हवा म्हणे, नाहीतर मेंढ्यांना आपला वास जातो. वर पोचल्यावर गॉर्डनची बडबड एकदम बंद झाली, नळ बंद केल्यासारखी. त्याने हाताने खाली बसायची खूण केली.

पलीकडच्या उतारावर ते होते. चॉकलेटी, बुटके, पाठीवर लोकर लोंबत असलेले, वळलेल्या शिंगांचे. खाली तळं, त्यावर ढगांची सावली. मला उगाचच वाटलं होतं की रानटी म्हणजे काहीतरी उग्र दिसेल. छे! ते आपले चरत होते. एक दुसऱ्याच्या अंगाला अंग घासत होता.

तिथून एका उंचवट्यापर्यंत पोटावर सरपटत जायचं होतं. अप्पांचे गुडघे त्यासाठी नव्हतेच, पण हूं नाही की चूं नाही. सई त्यांच्या मागून सरपटत होती आणि त्यांचा कोट काट्यात अडकला की सोडवत होती. उंचवट्यावर गॉर्डनने रायफल लावली आणि कुठला मेंढा ते बोटाने दाखवलं: म्हातारा, एका शिंगाचं टोक तुटलेला, बाकीच्यांपासून जरा बाजूला उभा. अप्पा रायफलमागे आडवे झाले. दुर्बिणीतून पाहत राहिले. बराच वेळ. त्यांची पाठ श्वासाबरोबर वर-खाली होत होती. मी सगळ्या देवांची नावं घेत होते की नेम चुकू नये, जनावराचे हाल होऊ नयेत, आणि अप्पांचं एवढं एक व्हावं.

आणि अप्पा बाजूला सरकले.

"सई," ते कुजबुजले, "ये. तू मार."

सईने मान हलवली. "आजोबा, नाही. तुमचा टर्न आहे."

"अगं, माझं काय राहिलंय आता. पहिला मान तुझा. ये."

आपल्याकडे हे असंच असतं ना. नारळ फोडायला एकाच्या हातात दिला की तो दुसऱ्याच्या हातात देतो, 'नाही नाही, तुम्ही,' 'छे छे, तुम्हीच.' शेवटची पुरी ताटलीत सुकून जाते पण कुणी उचलत नाही. अप्पांनी आयुष्यभर जपून ठेवलेली गोष्ट अशी उचलून नातीपुढे धरली. गॉर्डन माझ्याकडे पाहत होता, काय चाललंय म्हणून. सईही माझ्याकडे पाहत होती. मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की म्हातारा माणूस ओल्या गवतात पडून हात पुढे करतोय.

"घे गं," मी म्हणाले. "आजोबा एवढं म्हणतायत. नाही म्हणू नये."

सई लहान असताना लंडनमध्ये एजवेअरला आमच्या एका मावशींकडे जायचो. त्या दुसरी पुरणपोळी वाढायच्या आणि मी डोळ्यांनीच सईला खा म्हणायची. ती खायची. तिच्या तोंडावर तेव्हा जो भाव असायचा तोच आत्ता आला. ती पुढे सरकली, रायफलमागे आडवी झाली. गॉर्डनने हळू आवाजात तिला विचारलं, खरंच का? ती 'येस' म्हणाली.

आवाज झाला. मेंढा बसल्यासारखा खाली गेला, पाय थोडे हलले आणि थांबले. बाकीचे पळाले, मग पलीकडच्या वळणावर उभे राहून मागे बघू लागले. हाल झाले नाहीत, हे मात्र खरं. गॉर्डन म्हणाला की याहून स्वच्छ नेम त्याने या वर्षी पाहिला नाही.

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वा रे माझी वाघीण!" ते म्हणत होते, तिच्या पाठीवर थापा मारत होते. "एका गोळीत! एका गोळीत, मधुरा!" सई हसली. ओठांनी.

मेंढ्यापाशी गेलो. भिजलेल्या स्वेटरसारखा वास येत होता त्याला. तोंडात गवताची काडी तशीच होती. गॉर्डनने सांगितलं की पहिल्या शिकारीचं थोडं रक्त कपाळाला लावायची इथली जुनी रीत आहे, पण हवं असेल तरच. सई अप्पांकडे पाहून म्हणाली, "इट्स फाइन." त्याने बोटाने लावलं. "टिळा लागला बघ!" अप्पा म्हणाले, आणि मला फोटो काढायला लावला. तो फोटो आहे माझ्याकडे. इथे टाकत नाही.

गॉर्डनने आतडी तिथेच काढली. वजडी, मुंडी, पाय यातलं काही घरी न्यायचं आपल्या मनात असेल तर विसरा, ते सगळं डोंगरावर कावळ्या-गरुडांना राहतं. काळीज मात्र पिशवीत घालून देतात. अप्पा हळहळले. "केवढी वजडी वाया गेली," असं उतरताना चारदा म्हणाले. एरवी सई यावर तुटून पडली असती. ती पुढे चालत होती.

अर्ध्या वाटेवर मी तिला गाठलं. तोपर्यंत तिने ओढ्यात तोंड धुतलं होतं, पण केसांच्या कडेला लाल राहिलं होतं.

"काय झालं गं?"

"आई, तो खात होता. त्याला माहीतच नव्हता. बो असता तर त्याला माझा वास आला असता. मी वीस मीटरवर कधी पोचलीच नसती. पळाला असता तो. मला तेच पाहिजे होता. मी आजोबांना दाखवणार होती की बघा, पळाला, आणि तरी मजा आली."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"कसं म्हणणार? ही वॉज गिव्हिंग मी हिज थिंग. आणि तू पण म्हणालीस."



कॉटेजवर अप्पांनी स्वतः काळीज परतलं, कराडहून आणलेला कांदा-लसूण मसाला घालून. सईने दोन तुकडे खाल्ले आणि छान झालंय म्हणाली. नंतर ती आंघोळीला गेली तेव्हा अप्पा बाहेर बाकावर बसले होते, तळ्याकडे तोंड करून. मी चहा घेऊन गेले. विचारलं, "अप्पा, तुम्हाला मारायचा होता ना?"

"होता की." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "दुर्बिणीत दिसत होता मला. बोट होतं चापावर. पण म्हटलं, पोर एवढी लांबून आली, आपल्यामागं चिखलात सरपटतेय, आणि आपण म्हाताऱ्यानं तिच्यासमोर आपलीच हौस भागवायची? बरं दिसतं का?" मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि खरं सांगू? मला वाटलं ती भांडेल. नाही म्हणजे नाही, रायफल म्हणजे चीटिंग, असलं काहीतरी बोलेल. मग मी म्हणणार होतो, बरं बाई, राहू दे, मीच मारतो."

ऐकून मला रडावं की त्यांच्यावर ओरडावं तेच कळेना. एकाला मारायचं होतं आणि त्याने मारलं नाही. एकीला मारायचं नव्हतं आणि तिने मारलं. दोघांनी एकमेकांचं मन राखलं, आणि मध्ये मी बसले होते भाषांतर करायला.

आता पुढचा शहाणपणाही माझाच. मला वाटलं, एकमेकांच्या मनातलं कळलं की गाठ सुटेल. म्हणून मी अप्पांचं बोलणं सईला सांगितलं आणि सईचं अप्पांना. दोघांनी नीट ऐकून घेतलं. दोघांचेही चेहरे पडले. सई म्हणाली, "ओ गॉड, मी त्यांचा ड्रीम घेतला." अप्पा म्हणाले, "मी पोरीच्या हातून नको ते करवलं." आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी असे वागायला लागले की जसे काही काचेचे आहेत.

तिसऱ्या दिवशी आर्चरीच्या जंगलात जायचं होतं. पाऊस होता, पण स्कॉटलंडमध्ये पाऊस म्हणजे काही कारण नव्हे. सई म्हणाली, आजोबा दमले असतील, घरी जाऊ. अप्पा म्हणाले, तिला नको असेल तर माझी काही हरकत नाही. मी म्हणत होते, अहो, दोन तासांचा प्रश्न आहे, पैसे भरलेत, जाऊ या ना! अप्पांनी धनुष्य ओढायचं होतं, मी निकाल द्यायचा होता. "नको, आईला पण ड्रायव्हिंग आहे," सई म्हणाली. धनुष्य डिकीतून बाहेर निघालंच नाही.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून एवढंच ऐकू येत होतं. "थंडी वाजत नाही ना गं?" "नाही आजोबा, तुम्हाला?" "नाही." त्याच डोंगरांमधून गेलो. या वेळी दोघंही खिडकीतून बाहेर बघत होते, आपापल्या बाजूच्या. पेनरिथच्या आसपास मी मुद्दाम काडी टाकून पाहिली, "काय मग, धनुष्य की रायफल?" कुणी उचलली नाही. अप्पा खोकले. सईने विचारलं, गाणी लावू का.

मांस पंधरवड्याने आलं, कापून, पाकिटं करून. ते चिवट असतं, जुनं जनावर, मंद आचेवर खूप वेळ शिजवावं लागतं, आणि आपल्या बोकडापेक्षा वास उग्र. आलं-लसूण सढळ हाताने घाला. मी रस्सा केला, गिरीशने दोनदा वाढून घेतला. अप्पांनी बेताचाच घेतला. सई तोपर्यंत साउथहॅम्प्टनला गेली होती. तिने सांगितलं की या टर्ममध्ये अभ्यास फार आहे, आर्चरी क्लबला जायला जमत नाहीये. ऑक्टोबरच्या शेवटी अप्पा कराडला परतले.

जाण्यासारखी आहे का ही सहल? विचारलंत तर सांगेन की डोंगर सुंदर आहेत, गॉर्डनसारखा माणूस भाग्याने मिळतो, आणि ज्याला खरोखर शिकार करायची आहे त्याने स्वतःच करावी, दुसऱ्याला मान म्हणून देऊ नये. काही गोष्टी देण्याच्या नसतात, आणि काही घेण्याच्या नसतात. हे शब्द मला त्या ओल्या गवतात सुचले असते तर किती बरं झालं असतं. आम्ही मराठी माणसं भिडेखातर काय काय करतो, पण माझ्या डोळ्यांदेखत एक बंदूक चालली ती निव्वळ भिडेखातर. त्या दोघांचं भांडण म्हणजे आमच्या घरातली एकमेव जागा होती जिथे कुणी कुणाची भीड ठेवत नव्हतं. आणि ते मिटवायला मी त्यांना गाडीत घालून एवढ्या लांब घेऊन गेले.

परवाच्या रविवारी फोन लावला. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी काहीतरी ठरवून आणलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सई," ते म्हणाले, "मी खूप विचार केला. तुझंच बरोबर होतं. जवळ जायला पाहिजे. धनुष्यच खरं."

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. हा माणूस इतक्या वर्षांत एक इंच हलला नव्हता. मला कळलं ते काय करतायत. तिने चवताळून उठावं म्हणून ते आपली सगळी फौज तिच्या पायाशी ठेवत होते.

सईने पडद्यावर त्यांच्याकडे पाहिलं. खूप मायेने पाहिलं, ते मी शपथेवर सांगते.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर होता. रायफल बेस्ट आहे. त्याला काही कळला नाही, पेन नाही झाला. रायफलच."

"नाही गं, तुझंच खरं."

"नाही, तुमचंच."

मग दोघंही हसले. मी वाट पाहिली. अप्पा शर्टाची बाही नीट करत होते. सई म्हणाली तिला निघायला हवं, आणि नीट, गोड आवाजात बाय आजोबा म्हणून तिने फोन ठेवला.

तिची चौकट बंद झाली. अप्पा तिथेच बघत राहिले. "बरी आहे ना गं ती?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, हो अप्पा, बरी आहे.